बोलेरो पिकअपच्या जुन्या हौद्याला घरी कोटिंग करावे, की सरळ नवा पत्रा टाकावा?

शिवारवाट (धागाकर्ता), १२ एप्रिल

आमच्याकडे २०११ सालची बोलेरो पिकअप आहे. वडिलांनी ती नवी घेतली तेव्हा मी दहावीत होतो. तेव्हापासून ओतूरहून नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट, आळेफाट्याला कांद्याच्या गोण्या, परतीच्या खेपेला खताची पोती आणि मधल्या दिवसांत शेणखत, असे हाताला लागेल ते तिने वाहिले आहे. इंजिनाबद्दल काही तक्रार नाही. हौदा मात्र आता पाहवत नाही. तळाच्या पन्हळींमधला रंग पूर्ण गेला आहे, डाव्या चाकाच्या कमानीमागे बोट जाईल एवढे भोक पडले आहे आणि फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या झडपेच्या) खालच्या कडेवरून गंजाचे पापुद्रे नखाने निघतात.

ज्या बॉडीवाल्याला गाडी दाखवली त्याने तळावर ३ मि.मी. जाडीची चेकर्ड प्लेट (उठावाची नक्षी असलेला पोलादी पत्रा) टाकून चारही बाजूंनी वेल्डिंग करण्याचा सल्ला दिला आणि चाळीस हजारांच्या पुढचा आकडा सांगितला. दुसरीकडे, परदेशात पिकअपच्या हौद्याला रोलरने जाड, खरखरीत कोटिंग लोक घरीच करतात असे मी पाहिले आहे, आणि तसे दोन डब्यांचे (एकात रंग, दुसऱ्यात तो घट्ट करणारा हार्डनर) पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, कोटिंग आता आपल्याकडेही मिळते. गाडी आठ वर्षांवरची असल्यामुळे पासिंग दरवर्षी करावे लागते आणि या वर्षीची तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली आहे. त्याआधी हे काम स्वतः करावे असा विचार आहे. दोन लिटरमध्ये हौदा होईल का? गंजावर लावायचे ते काळे करणारे द्रावण खरोखर उपयोगी पडते का? ज्यांनी हे हाताने केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शंकासुर

दोन लिटरमध्ये हौदा होणार नाही, पण हौदा रंगवणाऱ्या माणसाचे कपडे नक्की होतील.

काटकसरी_काका

एवढा खटाटोप कशासाठी करता? आमच्या वेळी पावसाळ्याआधी इंजिनाचे जळके ऑइल आणि थोडे डांबर एकत्र करून काथ्याच्या ब्रशने हौद्याला आणि खालच्या चॅनेलांना फासत असू. खर्च शून्य आणि गंज जागच्या जागी थांबत असे. माझी मेटाडोर याच उपायावर चांगली बावीस वर्षे चालली.

बंदरावरचा

काकांच्या मेटाडोरला नमस्कार, पण शिवारवाट टोमॅटो वाहतात. जळके ऑइल क्रेटच्या बुडाला लागणार, तो क्रेट दुसऱ्या क्रेटवर चढणार आणि व्यापारी भाव पाडणार. शिवाय एकदा ऑइल मुरलेल्या पत्र्यावर पुढे कोणताही रंग धड बसत नाही, हे मी भोगले आहे. चॅसिसच्या आतल्या पोकळ भागात तेल ठीक आहे, हौद्यात नको.

आता माझा अनुभव. आमची गाडी हर्णे बंदरावरून मासळी वाहते, म्हणजे बर्फाचे खारे पाणी दिवसरात्र तळावर असते. चार वर्षांपूर्वी मी तुमच्याच उत्साहाने दोन डब्यांचे कोटिंग आणले. तारेच्या ब्रशने वरवर घासले, सैल पापुद्रे पाडले, उरलेला तांबूस पत्रा स्वच्छ दिसला म्हणून त्यावर सरळ रोलर फिरवला. दिवाळीपर्यंत गाडी पाहून लोक विचारायचे की नवी घेतली का. पुढच्या मृगानंतर मात्र एका जागी फुगवटा दिसला. तो मी चाकूने कापला, तेव्हा कोटिंगचा तळहाताएवढा तुकडा भाजलेल्या पापडासारखा सलग उचलून हातात आला. त्याच्या खालच्या बाजूला तांबडा गंज चिकटलेला होता. म्हणजे कोटिंगने आपली पकड सोडलीच नव्हती; त्याने गंजाला धरून ठेवले होते आणि गंजाने पत्रा सोडला होता. उघडा गंज निदान डोळ्यांना दिसतो, कोटिंगखालचा गंज भोक पडेपर्यंत कळत नाही.

रंगारी_निवृत्त

बंदरावरचा यांनी वर्णन केलेला पापड मी नोकरीत शेकडो वेळा पाहिला आहे. जहाजांचे आणि टाक्यांचे रंगकाम तपासणे हाच माझा व्यवसाय होता, त्यामुळे थोडे लांबले तर समजून घ्यावे.

पहिली गोष्ट हिशेबाची. तुमचा हौदा साधारण ८ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद आहे असे धरतो, म्हणजे तळ ४४ चौरस फूट झाला. बाजू सव्वा फूट उंच धरल्या तर त्यांचे सुमारे ३४ चौरस फूट होतात. पन्हळी, कडा आणि चाकांच्या कमानी धरून एकूण ८५ चौरस फूट, म्हणजे जवळपास ८ चौरस मीटर. अशा कोटिंगचा उपयोग ते वाळल्यावर निदान अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० मायक्रॉन राहिले तरच असतो. ८ चौरस मीटरवर अर्धा मिलिमीटर म्हणजे ४ लिटर वाळलेला थर. डब्यातल्या रंगाचा काही भाग थिनर बनून उडून जातो. मागे उरणारा घन भाग ६० टक्के असेल तर ओला रंग पावणेसात लिटर लागेल, आणि रोलर व डब्याला चिकटून वाया जाणारा धरून साडेसात लिटर. डब्यावरच्या माहितीपत्रकात घन भागाचे प्रमाण लिहिलेले असते, ते वाचून स्वतः हिशेब करा. दोन लिटरमध्ये हौदा काळा होईल, पण तो फक्त रंग असेल.

दुसरी गोष्ट गंज काळा करणाऱ्या द्रावणाची. त्यात बहुधा फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्ल असते. लोखंडाच्या गंजाशी त्याची क्रिया होऊन लोहाचे फॉस्फेट किंवा निळसर काळे टॅनेट तयार होते आणि ते गंजापेक्षा स्थिर असते. मात्र ही क्रिया पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर होते. पापुद्र्यांच्या थरात द्रावण वरच्या वर काळे होते आणि खाली तांबडे तसेच राहते. त्यावर इपॉक्सी प्रायमर (रंगाखाली पकडीसाठी द्यायचा पहिला थर) मारायचा असेल तर उरलेले आम्ल पकड बिघडवते. त्यामुळे जिथे ग्राइंडर पोहोचतो तिथे चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. जिथे चकती जातच नाही अशा सांध्यांत आणि खड्ड्यांत ते द्रावण वापरा आणि डब्यावर सांगितल्याप्रमाणे धुऊन, वाळवून मगच पुढे जा.

तिसरी गोष्ट क्रमाची, आणि इथे बहुतेक लोक चुकतात. आधी धुणे, मग तेलकटपणा काढणे, मग घासणे. तेलकट पत्रा घासला की ग्रीस ओरखड्यांच्या तळाशी दाबले जाते. दोन फडकी घ्या, एक थिनरने ओले आणि एक कोरडे. ओल्याने पुसल्याबरोबर, थिनर उडण्याआधी, कोरड्याने उचलून घ्या. नंतर पत्र्यावर स्वच्छ पाणी शिंपडा. पाणी सलग पसरले तर पत्रा तयार आहे. अळूच्या पानावरच्यासारखे थेंब झाले तर तेल अजून आहे, पुन्हा पुसा.

शंकासुर

अळूच्या पानाची उपमा वाचून भूक लागली, बाकी सगळे पटले.

जुनाट_स्पॅनर

मी कुपवाडला गॅरेज चालवतो, त्यामुळे माझे मत बॉडीवाल्याच्या बाजूने असेल असे वाटेल. तसे ते पूर्ण नाही. शिवारवाट दादा, आधी एक करा. गाडी रिकामी करून हौद्याखाली झोपा आणि लहान हातोडीने तळ खालून ठोकत जा. पत्रा शाबूत असेल तिथे आवाज खणखणीत येतो, सडलेला असेल तिथे भद्द येतो. आडवे चॅनेल जिथे तळाला टेकतात त्या पट्ट्यात विशेष पाहा, कारण चाकांनी उडवलेली माती तिथे साचते, पावसाळाभर ओली राहते आणि गंज वरून नव्हे तर खालून सुरू होतो. स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबल्यावर आत गेले तर तिथे कोटिंगचा विषयच संपला, तो तुकडा कापून नवा पत्रा बसवावा लागेल.

एवढे मोठे भोक लांबी (पुट्टी) भरून बुजवू नका. माझ्याकडे अशा गाड्या येतात ज्यांच्या भोकात वर्तमानपत्र कोंबून वर लांबी मारलेली असते. एकीत तर निवडणुकीच्या निकालाचे पान निघाले होते, तेही सुवाच्य अवस्थेत. वेल्डिंग करण्याआधी बॅटरीचे टर्मिनल काढा, डिझेलची टाकी आणि वायरिंग कुठून जाते ते पाहून ठेवा आणि ओले पोते जवळ असू द्या. आणि वेल्डिंग आधी, कोटिंग नंतर; उलटे केले तर ठिणगी जिथे जिथे पडेल तिथे कोटिंग जळेल आणि त्याचा धूर तब्येतीला फार वाईट असतो.

चेकर्ड प्लेटबद्दल मात्र माझा बॉडीवाल्याशी मतभेद आहे. जुन्या सडक्या तळावर नवी प्लेट टाकली की दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी शिरते आणि बाहेर पडत नाही. तुम्ही वर नवा पत्रा पाहत राहता आणि मधे सँडविच कुजत असते. नवा पत्रा टाकायचा तर जुना कापून टाका, त्यावर टाकू नका.

रंगारी_निवृत्त

स्पॅनर यांच्याशी पूर्ण सहमत आहे आणि वजनाचा मुद्दा जोडतो. ३ मि.मी. पोलादाचे वजन एका चौरस मीटरला साडेतेवीस किलो असते. ४४ चौरस फूट तळाला सुमारे ९६ किलो झाले, म्हणजे २० किलोचे जवळजवळ पाच क्रेट प्रत्येक खेपेला फुकट वाहायचे.

शिवारवाट (धागाकर्ता), १५ एप्रिल

सर्वांचे आभार. आज खाली झोपून ठोकून पाहिले. डाव्या कमानीमागे वीतभर आणि मधल्या चॅनेलावर दोन जागी आवाज भद्द येतो, बाकी तळ खणखणीत आहे. खाली झोपलेला पाहून वडिलांना वाटले की ऑइल गळते आहे. हातोडी पाहिल्यावर त्यांनी विचारले, "चालती गाडी ठोकून मोडतोस कशाला?" हे तीन तुकडे गावातल्या वेल्डरकडून कापून बदलून घेणार आहे. उरलेल्या हौद्याला कोटिंग स्वतः करणार हे आता ठरले. कोटिंग काळेच घ्यावे का, आणि गनने मारावे की रोलरने?

गोठ्यावरून

मी कागलजवळ दूध संकलन चालवते आणि आमच्या छोट्या गाडीच्या हौद्याला दोन वर्षांपूर्वी हेच काम मी आणि दिराने मिळून केले आहे. रंगाविषयी सांगते. काळा हौदा एप्रिलच्या दुपारी इतका तापतो की कॅन उतरवताना पायाला चप्पलमधून चटका बसतो. आम्ही फिकट राखाडी घेतला. टोमॅटोच्या खालच्या क्रेटला तळाची उष्णता थेट लागते, तेव्हा तुम्हीही फिकटच घ्यावा असे मला वाटते. डाग दिसतात हे खरे, पण डाग दिसले की आपण धुतो, हाही एक फायदाच आहे.

दुसरे म्हणजे, आधी आमच्या हौद्यात रबरी मॅट होती. कॅनचा आवाज कमी होतो आणि पत्र्याला पोचे पडत नाहीत म्हणून ती टाकली होती. कोटिंगच्या वेळी उचलली, तेव्हा मॅटच्या खालच्या प्रत्येक नक्षीचा छाप पत्र्यावर गंजाने उमटलेला होता, जणू कोणी रांगोळीचा छापा मारला आहे. पाणी आणि सांडलेले दूध खाली जाते आणि वर यायला वाट नसते. आता मॅट वापरतो, पण दर रविवारी ती काढून भिंतीला टेकवून वाळवतो.

खरखरीतपणाबद्दल कोणी सांगत नाही ते मी सांगते. फार खरखरीत पोत केला तर वस्तू घसरत नाही हे वळणावर बरे वाटते, पण क्रेट आत सरकवताना तोच पोत शत्रू होतो. आमचा हमाल पहिल्या दिवशी म्हणाला, "वहिनी, हा हौदा आहे की खवणी?" शिवाय तुम्ही शेणखत भरता, ते फावड्याने ओढताना फावडे प्रत्येक दाण्यावर अडते आणि दाण्यांच्या मधले शेण निघत नाही.

मिशिगनकर

मूळचा नाशिकचा, गेली अठरा वर्षे मिशिगनमध्ये आहे. इथे हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्यामुळे गंज हा इथल्या पिकअपवाल्यांचा बारमाही विषय आहे. फोर्डने २०१५ च्या मॉडेलपासून एफ-१५० ची बॉडी आणि हौदा ॲल्युमिनियम मिश्रधातूचा केला, आणि टोयोटाच्या टकोमाचा आतला हौदा २००५ च्या मॉडेलपासून पोलादाऐवजी कंपोझिटचा आहे. माझी गाडी मात्र २००४ ची शेवरोले सिल्व्हराडो, म्हणजे शुद्ध पोलाद आणि शुद्ध मनस्ताप.

ती विकत घेतली तेव्हा आत प्लास्टिकचा तयार साचा बसवलेला होता. मालकाने तो हौदा जपण्यासाठी टाकला होता. मी तो काढला तेव्हा साचा जिथे जिथे टेकत होता तिथे हादऱ्यांनी रंग घासून गेला होता आणि वाळू व मीठ यांचा चिखल खाली बसला होता. गोठ्यावरून ताईंच्या मॅटचीच ही मोठी बहीण.

इथे दोन प्रकार चालतात. लाइन-एक्स किंवा राइनो लायनिंग्जसारख्यांची दुकाने गरम केलेले दोन घटक मोठ्या दाबाने एकत्र फवारतात आणि तो थर काही सेकंदांत घट्ट होतो. ती यंत्रे घरी शक्य नाहीत. घरी करण्यासाठी रोलरचे किट मिळते. मी आधी एका डब्याचे, हवेतल्या ओलाव्यावर वाळणारे घेतले. काम सोपे झाले, पण तिसऱ्या उन्हाळ्यात काळ्याचे राखाडी झाले आणि हात फिरवला की तळहातावर खडूसारखी पूड येऊ लागली. पकड मात्र अजून उत्तम आहे. दुसऱ्या वेळी राप्टर नावाचे दोन घटकांचे कोटिंग वापरले, त्यात तीन भाग रंगाला एक भाग हार्डनर असतो आणि ते गनने मारता येते. पोत अधिक सारखा आला.

काटकसरी_काका

पूड हाताला येते म्हणता, मग जळके ऑइल काय वाईट होते?

मिशिगनकर

काका, इथे जळके ऑइल जमिनीवर सांडले तर शेजारी बोलावण्याआधीच पालिका येते.

रंगारी_निवृत्त

मिशिगनकर यांना आलेली पूड उन्हामुळे येते. इपॉक्सी आणि स्वस्त प्रकारचे पीयू अतिनील किरणांत असेच खडूसारखे होतात. म्हणून इपॉक्सी खाली प्रायमर म्हणून आणि उन्हात टिकणारे ॲलिफॅटिक पीयू वर, असा क्रम असतो. डबा घेताना हा शब्द माहितीपत्रकात आहे का ते पाहावे.

गन की रोलर या प्रश्नावर मी आग्रहाने सांगतो की रोलर वापरा. दोन डब्यांच्या पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याची फवारणी श्वासात गेली तर दम्याचा विकार जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की नंतर अगदी थोड्या संपर्कानेही दम लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क त्यापुढे निरुपयोगी आहे. फवारणी करणाऱ्याला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो आणि तो घरी कोणाकडे नसतो. रोलरने काम केले तर तुषार हवेत उडत नाहीत. तरीही उघड्या जागी, वारा पाठीमागून येईल असे उभे राहून, वाफेसाठीचा कोळशाच्या फिल्टरचा मास्क, हातमोजे आणि चष्मा घालूनच करा. ग्राइंडर चालवतानाही चष्मा हवाच, कारण कप ब्रशची तार सुटली तर ती सुईसारखी येते.

सातारी_बैठक

एक चूक कबूल करतो, म्हणजे दुसऱ्याची वाचेल. रंग घट्ट वाटला म्हणून मी घरात पडलेला साधा नायट्रो थिनर त्यात ओतला. महिना उलटला तरी हौदा चिकट होता. वैरण भरली की ती तळाला चिकटायची आणि शेवटी हौद्याला अंगभर केस आल्यासारखे दिसू लागले. खरवडून काढायला कोटिंग करण्याच्या तिप्पट वेळ गेला.

रंगारी_निवृत्त

त्याचे कारण साधे आहे. नायट्रो थिनरमध्ये अनेकदा अल्कोहोल असते. हार्डनर रंगाशी संयोग पावण्याऐवजी त्या अल्कोहोलशी पावतो आणि रंग अर्धवट राहतो. पीयूला पीयूचाच थिनर, तोही सांगितला असेल तेवढाच घाला. पाण्याचेही असेच आहे. हार्डनर पाण्याशी संयोग पावला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बुडबुडे येतात. म्हणून दमट हवेत, पहाटेचे दव पडलेल्या पत्र्यावर हे काम करू नये. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरू लागते त्यापेक्षा) निदान ३ अंश सेल्सिअस वर असावे हा आमच्या व्यवसायातला नियम आहे. तुमच्याकडे मोजमाप नसेल तर एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर सुरू करा आणि पत्रा तापण्याआधी थांबा. तळहात पत्र्यावर पाच सेकंद आरामात ठेवता आला पाहिजे. चटका बसत असेल तर थिनर वरच्या वर उडेल आणि टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे राहतील.

शेवटचे दोन मुद्दे. रोलर फिरवण्याआधी सगळ्या कडा, वेल्डिंगचे सांधे, कोपरे आणि बोल्टची डोकी यांना ब्रशने एक वेगळा हात द्या. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो आणि तिथे थर सर्वांत पातळ राहतो, म्हणून गंज नेहमी कडेवरून परत येतो. आणि सांधे भरायला रंग बसणारे पीयू सीलंट घ्या. सिलिकॉन चुकूनही वापरू नका, त्यावर आणि त्याच्या आसपास रंग माशाच्या डोळ्यासारखा फाटतो.

जुनाट_स्पॅनर

तळाच्या कोपऱ्यांत पाणी जाण्याची भोके असतात, ती कोटिंगच्या उत्साहात बुजवू नका. आधी त्यांत लाकडी खुंटी घाला, थर थोडा ओढला गेल्यावर फिरवून काढा. फाळक्याच्या बिजागऱ्या आणि कड्या सोडवून ठेवा, नाहीतर पासिंगच्या दिवशी फाळका उघडणार नाही. बाजूंचे रेडियम आणि नंबर झाका. चॅसिस नंबरावर तर थेंबही पडू देऊ नका. पासिंगला त्याचा पेन्सिलीने कागदावर ठसा घेतात आणि अर्ध्या मिलिमीटरच्या कोटिंगखालून तो उमटणार नाही.

शंकासुर

आता प्रश्न एवढाच उरला की गाडी रंगवायची की तिच्यावर प्रबंध लिहायचा.

शिवारवाट (धागाकर्ता), ९ मे

काम झाले. क्रमाने लिहितो, कारण मधे दोन ठिकाणी मी फसलो.

वेल्डरने तिन्ही तुकडे बदलून दिले, तो अर्धा दिवस. त्यानंतर घासण्यात पूर्ण तीन दिवस गेले आणि हेच या कामाचे खरे अंग आहे. कप ब्रशने पन्हळींचा माथा लवकर उजळला, पण पन्हळींच्या आतल्या कोनात ब्रश फक्त गंजाला चकाकी आणत होता. तो चकाकणारा तपकिरी थर मी लोखंड समजून पुढे गेलो. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात वडिलांनी वाकून पाहिले आणि काही न बोलता नखाने त्यावर रेघ ओढली. रेघेत तांबडी पूड निघाली. दुसऱ्या दिवशी ८० नंबरची फ्लॅप डिस्क आणि कोनांसाठी पॉलिश पेपर गुंडाळलेली लाकडी पट्टी घेऊन सगळे पुन्हा केले. सांध्यांत तेवढे द्रावण वापरले.

पाणी शिंपडण्याच्या चाचणीत फाळक्याजवळचा भाग दोनदा नापास झाला. तिथे डिझेलचा कॅन ठेवायची आमची जुनी सवय आहे.

मग इपॉक्सी प्रायमर, कडांना ब्रशचा हात, सांध्यांत सीलंट आणि वर फिकट राखाडी कोटिंगचे चार थर. एकूण सात लिटर लागले, म्हणजे रंगारी साहेबांचा हिशेब अर्ध्या लिटरने चुकला असे म्हणता येईल. ताईंचा सल्ला मानून तळाला बारीक पोताचा रोलर वापरला आणि फक्त पुढच्या भिंतीला खरखरीत ठेवला.

दुसरी फसगत शेवटच्या थराची. उरलेला सगळा रंग मी एकदम हार्डनरसह कालवला. चहा घेऊन आलो तोवर डब्याला हात लावला तर तो गरम होता, आणि आतला रंग खव्यासारखा होऊ लागला होता. घाईने जेवढा फिरवता आला तेवढा फिरवला, बाकीचा डब्यातच दगड झाला, रोलरसकट. थोडे थोडे कालवावे हे डब्यावर लिहिलेले होते.

शंकासुर

तो रोलर जपून ठेवा, गदा म्हणून गावच्या जत्रेत कामाला येईल.

गोठ्यावरून

लगेच माल भरू नका, भाऊ. निदान आठवडाभर गाडी उन्हात उभी राहू द्या. आम्ही तिसऱ्या दिवशी कॅन ठेवले तर त्यांच्या बुडाची गोल वर्तुळे कायमची उमटली. अजून मोजता येतात, चौदा आहेत.

शिवारवाट (धागाकर्ता), २३ नोव्हेंबर

पावसाळा आणि टोमॅटोचा हंगाम दोन्ही उलटून गेले, म्हणून मूळ प्रश्नाचे उत्तर लिहायला आलो. पासिंग जूनमध्येच झाले. एका खेपेला साठ क्रेट या हिशेबाने आठवड्यातून चार-पाच खेपा झाल्या, आणि तळावर ओरखड्यांखेरीज काही नाही. नारायणगावच्या हमालांनी खवणी म्हटले नाही. खताची पोती उतरवली की हौदा त्याच दिवशी धुतो, कारण फुटलेल्या पोत्यातले खत आणि ओल एकत्र आले की पत्र्याचे काय होते ते घासताना पाहिले आहे.

दोन जागा बिघडल्या. फाळक्याच्या साखळ्या हादऱ्याने जिथे आपटतात तिथे दोन्ही बाजूंना कोटिंग लोखंडापर्यंत गेले. ती जागा घासून पुन्हा प्रायमर आणि रंग लावला आणि साखळ्यांना सायकलची जुनी ट्यूब चढवली. दुसरी जागा डाव्या कमानीमागे, नव्या तुकड्याच्या वेल्डिंगच्या खालच्या कडेला आहे. तिथे नाण्याएवढा फुगवटा आला आहे. तो कापून पाहिला तर वेल्डिंगची काळी राख (सांध्यावर बसणारी कडक खपली) तशीच राहून गेली होती.

जुनाट_स्पॅनर

वेल्डिंगची राख चिपिंग हातोडीने पाडायची असते, ब्रशने जात नाही. ती तेवढी जागा उघडी करून आत्ताच दुरुस्त करा, वैशाखाची वाट पाहू नका.

बंदरावरचा

तुमचे वाचून मीही माझा पापड काढून पुन्हा केले, या वेळी चकचकीत लोखंडापर्यंत. शिमग्यानंतर कळवतो. वडिलांचे काय मत झाले?

शिवारवाट (धागाकर्ता), २४ नोव्हेंबर

वडिलांना हौदा इतका आवडला की त्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून त्यांनी गेल्या आठवड्यात त्यावर गोणपाट अंथरले.

गोठ्यावरून

भाऊ, ते गोणपाट आजच उचला.

शिवारवाट (धागाकर्ता), २५ नोव्हेंबर

उचलले. खाली ओल होती आणि त्यात टोमॅटोचे एक रोप उगवले होते. गोणपाट वडिलांनी घडी करून सीटमागे ठेवले आहे, त्यामुळे रोज संध्याकाळी हौद्यात डोकावून यावे लागते.